आज्जीनं विचारलं, "कशात?"

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा उघडून आठवडा झाला होता. धारूरच्या घाटाखालच्या एका वाडीत, सारवलेल्या ओट्यावर, मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन मी बसले होते. समोर एक आज्जी सुपात ज्वारी पाखडत होती. तिचा नातू नऊ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला, शेळीच्या पिलाच्या मागं अंगणभर पळत होता. मला त्याच्या फायलीतला मागच्या वर्षीच्या प्रगतीचा रकाना भरायचा होता. तिथं ध्येय लिहिलेलं होतं: "भाषिक कौशल्यात सुधारणा होईल."

मी विचारलं, "आज्जी, वर्षभरात सुधारणा झाली का?"

सूप थांबलं. "कशात?"

"बोलण्यात."

"बोलतंय की. पयलेबी बोलायचं."

"पहिल्यापेक्षा जास्त बोलतो का?"

"लई बोललं तर त्याचा बाप वरडतो, कमी बोललं तर तुमी. काय लिव्हायचं ते लिव्हा बाई."

मी लिहिलं, "समाधानकारक प्रगती." आज्जीचा अंगठा घेतला, शाईचं बोट तिनं ओट्याला पुसलं, आणि मी स्कूटीला किक मारली. बटण स्टार्ट बंद पडून दोन वर्षं झालीत. परतीच्या रस्त्यावर ते "कशात?" काही डोक्यातून जाईना.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात विशेष शिक्षिका आहे, कंत्राटी. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये नाव असलेली दिव्यांग मुलं माझ्या यादीत असतात. काही रोज शाळेत येतात, काही अधूनमधून, आणि काही येऊच शकत नाहीत म्हणून त्यांच्या घरी मी जाते. प्रत्येक मुलाचा एक वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायचा असतो. आम्ही सगळे त्याला आयईपीच म्हणतो. मुलाला आज काय येतं, वर्षाअखेर काय यायला हवं, त्यासाठी कोण काय करणार, असा त्याचा साधा हिशेब. कागदावर साधा.

ते "भाषिक कौशल्यात सुधारणा" हे वाक्य माझं नव्हतंच. मी नोकरीला लागले तेव्हा एका सीनिअर बाईंनी पेनड्राइव्हवर एक फाइल दिली होती. त्यात प्रत्येक प्रकारच्या अक्षमतेसाठी तयार ध्येयं होती. मार्चमध्ये माहिती पाठवायची घाई असली की नाव बदलायचं, वय बदलायचं, प्रिंट मारायची. एका वर्षी मी एका कर्णबधिर मुलीच्या आराखड्यात "ब्रेल लिपीतील दहा अक्षरे स्पर्शाने ओळखेल" असं छापून दिलं. पोरीची नजर गिधाडासारखी तीक्ष्ण! त्या कागदावर मुख्याध्यापकांची सही होती, माझी होती, वडिलांची होती, वरून दोन ठिकाणचे शिक्के होते. सात महिने कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. पुढच्या वर्षीचा आराखडा करायला बसले तेव्हा दिसलं, आणि आधी हसू आलं, मग घाम फुटला. चूक झाली याचं फारसं नाही वाटलं. तो कागद सात महिन्यांत एकदाही कुणी वाचला नव्हता, याचं वाटलं.

हा आराखडा आपल्याकडं आला तो बाहेरून. अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, त्यात प्रत्येक मुलाचा असा लेखी आराखडा बंधनकारक केला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अक्षमतेचे प्रकार सातावरून एकवीस झाले, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, कारण प्रशिक्षणात तेच विचारतात. पण त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे: प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याची प्रगती आणि त्याचं शिक्षण पूर्ण होणं यावर शाळेनं लक्ष ठेवायचं. प्रगतीवर लक्ष ठेवायचं तर आधी ती कशात मोजायची ते लिहावं लागतं. म्हणजे पुन्हा आज्जीचाच प्रश्न.

लॉकडाऊनमध्ये एक ऑनलाइन प्रशिक्षण केलं होतं. त्यात एका बाईंनी इंग्लंडमधली पद्धत समजावून सांगितली. तिथं २०१४ च्या कायद्यानं जन्मापासून पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षण, आरोग्य आणि देखभाल असा एकत्र आराखडा करतात. २०१५ च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत निष्पत्तीची व्याख्या अशी काहीशी आहे: जी मदत दिली तिच्यामुळं त्या मुलाच्या आयुष्यात पडलेला फरक. आणि ती सेवा देणाऱ्याच्या बाजूनं लिहायची नाही. आमच्या फायली उघडून बघा. "आठवड्यातून दोन वेळा फिजिओथेरपी देणे." "पालकांचे समुपदेशन करणे." "साहित्य पुरविणे." हे सगळं आमचं काम झालं. माझे वडील कोरडवाहू शेतकरी. पेरणी झाली म्हणून त्यांनी कधी रास झाली असं कुणाला सांगितलं नाही. आम्ही मात्र दरवर्षी पेरणीचाच आकडा राशीच्या रकान्यात भरतो.

आता छबीबद्दल सांगते. नाव बदललंय, गाव सांगत नाही.

छबी अकरा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळं स्नायूंवर ताबा राहत नाही; दोन्ही पाय ताठ, हात बऱ्यापैकी चालतात, बोलणं जरा ओढून पण समजतं. डोकं एकदम तल्लख. आई-बाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की टोळीचा ट्रॅक्टर येतो, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि गुढीपाडव्याच्या पुढं-मागं परत येईपर्यंत वाडीत म्हातारी माणसं आणि लहान पोरं. छबी आज्जीजवळ राहते. आज्जीच्या कमरेत पट्टा.

तिच्या फायलीत चार वर्षं एकच ध्येय होतं: "आधाराशिवाय स्वतंत्रपणे चालेल." शिबिरात आलेल्या थेरपिस्टनी लिहिलेलं, मी पुढं-पुढं उतरवलेलं. वाईट नाही ते. पण दरवर्षी जूनला छबी तिथंच असायची आणि मी "प्रयत्न सुरू" असं लिहायची.

आज्जीच्या त्या "कशात?"नंतर मी ठरवलं, निदान पाच घरी तरी पेन न काढता बसायचं. छबीच्या आईला विचारलं, "तुम्हाला काय व्हायला पाहिजे?" पहिलं उत्तर सगळीकडं असतं तेच: "पगार चालू व्हावा." आमच्याकडं निराधार योजनेच्या पैशाला पगारच म्हणतात. दुसरं उत्तरही ठरलेलं: "चालावं तिनं." मग मी दुसरीकडून गेले. म्हटलं, "तुम्ही तोडीला गेल्यावर दिवसातला कोणता वेळ सगळ्यात जड जातो?"

ती बराच वेळ गप्प. हातातला कपडा पिळून झाला तरी पिळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पोरगी दिसभर पानीच पीत न्हाई."

मला कळेना. "का?"

"पानी पेलं की जावं लागतं. म्हातारीला उचलत न्हाई. मग सकाळी एकदा शेजारची नेती, आन् मंग रातीपस्तोर न्हाई. व्हट फुटत्यात लेकराचे."

चार वर्षं मी त्या घरी जात होते. स्नायू किती ताठ, गुडघा किती अंशात वाकतो, सगळं लिहिलं होतं. हे माझ्या एकाही कागदावर नव्हतं. आमच्याकडं मूल्यमापनासाठी एक तक्ता वापरतात, मद्रासमध्ये तयार झालेला, अठरा विभाग आणि एकूण ३६० बाबी. चांगला आहे. मूल कुठं आहे ते नीट कळतं. पण ३६० बाबींतली आत्ता, या घरात, या हिवाळ्यात कोणती हवी, ते तक्ता सांगत नाही. आणि मी तक्त्यालाच विचारत बसले होते.

त्या दिवशी आम्ही वाक्य लिहिलं. आधी वहीच्या मागच्या पानावर, आईच्या शब्दांत, मग फायलीत:

"आई-वडील तोडीला गेलेले असताना, घरी आज्जी असताना, छबी दिवसा कुणीही न उचलता संडासला जाऊन येईल. सकाळी तिच्या खाटेजवळ भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळपर्यंत रिकामा होईल. मुदत: टोळीचा ट्रॅक्टर यायच्या आधी सुरुवात, संक्रांतीला तपासणी."

तांब्याचं मला फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. कुणीही बघून हो किंवा नाही सांगू शकेल असा पुरावा. आज्जीला आकडे येत नाहीत, टक्केवारी येत नाही, रिकामा तांब्या दिसतो.

आमच्या कार्यालयात फाइल बघणाऱ्या एका साहेबांनी विचारलं, "हा तांब्या काय आहे? कौशल्य क्षेत्र कुठलं?" मी रकान्यात "दैनंदिन जीवन कौशल्य" लिहून दिलं. ते म्हणाले, टक्केवारी टाका, ऐंशी टक्के तरी. प्रत्येक ध्येयाला ऐंशी टक्के ही आमच्याकडची एक रीतच आहे. "पाच पैकी चार वेळा" हा निकष काही गोष्टींना शोभतो. फळं ओळखायला, नाणी मोजायला शोभतो. पण मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय, एका आराखड्यात: "विहिरीपासून दूर राहील, ८० टक्के वेळा." आमच्याकडच्या अर्ध्या विहिरींना कठडा नाही. पाचव्या वेळेचं काय करायचं, हे लिहिणाऱ्यानं कुठं लिहिलं नव्हतं.

पण छबीचं सांगत होते.

ध्येय लिहिणं सोपं, पायऱ्या पाडताना खरी परीक्षा. खाटेपासून संडासापर्यंत माझी चौदा पावलं. छबीची, भिंत धरून, एकतीस. मधे ओट्याची एक पायरी आणि मग सहा पावलांचं अंगण, जिथं धरायला काहीच नाही. संडास अनुदानातला, भारतीय पद्धतीचा, वर चढून बसायचा. तिला उकिडवं बसता येणं शक्य नाही. माझ्या जुन्या पद्धतीनं मी लिहिलं असतं, "अंगण आधाराशिवाय पार करेल," आणि आणखी चार वर्षं गेली असती. तिच्या बापानं एका दुपारी ते सोडवलं. तालुक्याहून दोन पाइप आणले, वेल्डिंगवाल्याकडून आडवा दांडा जोडून घेतला आणि अंगणात छबीच्या कमरेच्या उंचीवर रोवला. एका प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध कापून ती भांड्यावर ठेवली, पाय हलू नयेत म्हणून तारेनं बांधली. उचलीतले पैसे गेले त्यात. आईनं सलवारीची नाडी काढून इलॅस्टिक घातलं. नाडी बांधायला शिकवणं हे माझ्या यादीत सहा महिन्यांचं काम होतं. आईनं ते एका संध्याकाळी यादीतून काढून टाकलं. मला सुरुवातीला थोडं लागलं, कारण नाडी हे "सूक्ष्म कारक कौशल्य", म्हणजे बोटांचं बारीक काम, आमच्या विषयाचा मानबिंदू. पण छबीला नाडी नको होती, तिला कुणाला हाक न मारता जाऊन यायचं होतं.

शिकवण्याचा भाग म्हणजे खुर्चीवर बसणं आणि उठणं. ते उलट्या बाजूनं शिकवलं. पूर्ण क्रिया आपण करून द्यायची, शेवटची तेवढी एक पायरी तिनं करायची. ती जमली की शेवटच्या दोन. म्हणजे प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद तिचा. शेवटची पायरी म्हणजे दांड्याला धरून सरळ उभं राहणं आणि इलॅस्टिक वर ओढणं. पहिले आठ दिवस फक्त तेवढंच. नवरात्र उठेपर्यंत ती बसणं, उठणं, इलॅस्टिक, मग्गा, सगळं करू लागली. एकदा पडली, कोपर फुटलं. आज्जीनं मला दोन दिवस बोलून घेतलं, आणि ते तिचं बरोबरच होतं.

ट्रॅक्टर आला. आई-बाप गेले, या वेळी कर्नाटकात.

डिसेंबरमध्ये गेले तर तांब्या रिकामा. आज्जी म्हणाली, "रोज रिकामा असतो बाई." मी फोटो काढला, गटसाधन केंद्राच्या ग्रुपवर टाकला, अंगठे आले, टाळ्या आल्या. पुढच्या खेपेला पुन्हा रिकामा. मी निघाले तेव्हा शेजारचं एक पोरगं स्कूटीच्या आरशात तोंड बघत उभं होतं. ते आपणहून म्हणालं, "मॅडम, छबी पानी कोंबड्यास्नी पाजती."

परत आत गेले. छबी मान खाली घालून बसली. ओठ फुटलेले होतेच. मी ते बघितलेच नव्हते, तांब्या बघत होते ना. खूप वेळानं एकच शब्द बोलली: "कडी."

संडासाच्या दाराची कडी आतून वरच्या टोकाला. उभं राहून एक हात दांड्याला धरला की दुसरा हात तिथं पोचत नव्हता. दार नुसतं लोटून घेतलं की वाऱ्यानं उघडायचं. समोरून रस्ता, पाराजवळ बसलेली पोरं. अकरा वर्षांची पोरगी. जायला तिला जमत होतं, पण ती जात नव्हती, आणि मला खोटं ठरवायला नको म्हणून पाणी कोंबड्यांना.

मी आज्जीला विचारलं होतं, आईला विचारलं होतं, थेरपिस्टला, तक्त्याला. तिला एकदाही विचारलं नव्हतं. फॉर्ममध्ये "विद्यार्थ्याचे मत" असा रकाना आहे. त्यात मी लिहिलं होतं, "सहकार्य करते."

कडीला सुतळीचा फास बांधला, हाताला येईल इतका लांब, आणि चौकटीत खाली एक खिळा. ओढून खिळ्यात अडकवलं की दार बंद. पाच मिनिटांचं काम. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तेव्हा तांब्याकडं बघितलं नाही, ओठांकडं बघितलं.

बाकीच्या फायलींचं थोडक्यात. एका कर्णबधिर मुलाच्या आराखड्यात "श्रवणयंत्राचा वापर करतो" असं होतं. यंत्र पत्र्याच्या पेटीत, डबीसकट, कोऱ्या नोटेसारखं जपलेलं. महागाची वस्तू, हरवली तर? ते वाक्य बदलून "सकाळी शाळेत निघताना स्वतः यंत्र कानात घालेल, सेल संपला की आईला रिकामा सेल नेऊन दाखवेल" असं केलं. सेल संपला हे कळणं म्हणजे यंत्र वापरात आहे, नाही का. दुसऱ्या एका मुलाच्या वर्गशिक्षकांनी फार आग्रहानं लिहायला लावलं होतं, "वर्गात गोंधळ घालणार नाही, कुणाला मारणार नाही, जागेवरून उठणार नाही." मी त्यांना म्हटलं, सर, हे तिन्ही आपल्या फाटकाजवळच्या दगडालाही जमतं. मुलानं काय करू नये ते न लिहिता त्याऐवजी काय करावं ते लिहू. त्याला बाहेर जायचं असलं की तो मारतो, एवढं आम्हाला माहीत होतं. मग लिहिलं, "बाहेर जायचं असेल तेव्हा भिंतीवरचं दाराचं चित्र काढून सरांच्या हातात देईल." आणि सरांनी चित्र मिळालं की खरंच बाहेर सोडायचं, हेही लिहिलं. ते सरांना जड गेलं. मुलाला नाही गेलं.

"समजेल", "जाणीव होईल", "आवड निर्माण होईल", "सुधारेल" ही क्रियापदं मी आता पेनानं खोडते. बघता येत नाहीत ती. बोट दाखवेल, उचलेल, देईल, निवडेल, हाक मारेल, ही बघता येतात. शेळीमागं पळणाऱ्या त्या नातवाचं ध्येय आता असं आहे: "भूक, तहान आणि दुखणं या तीन गोष्टी आज्जीला शब्दानं किंवा खुणेनं सांगेल." आज्जीला वाचून दाखवलं. म्हणाली, "हां, ह्ये कळलं." अजून दुखणं सांगत नाही तो. दोन सांगतो.

सगळं असं करता येत नाही, हेही सांगते. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण कागदावर आलंय, सर्वोच्च न्यायालयानं पाठपुरावा केल्यावर. माझ्या यादीत त्याच्या कितीतरी पट मुलं आहेत आणि मधे घाट आहे. पेन न काढता प्रत्येक ओट्यावर दोन तास बसायचं ठरवलं तर वर्ष पुरणार नाही. यंदा पंधरा आराखडे नव्यानं लिहिले. बाकीच्यांत अजून पेनड्राइव्हमधलीच वाक्यं आहेत. आणि मुदतीचा घोळ आहेच. शासनाचं वर्ष जून ते एप्रिल, आमच्या मुलांचं वर्ष पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत. जी मुलं आई-बापाबरोबर फडावर जातात, त्यांची ध्येयं कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाचटावर, कुणाच्या मदतीनं पुरी होणार? अशा तीन मुलांच्या आराखड्याचं एक पान मी या वेळी आईच्या फोनवर व्हॉट्सॲपनं बोलून पाठवलं, कारण वाचता येत नाही. दोघींनी ऐकलं. तिसरीच्या पानावर अजून निळे टिक आलेले नाहीत.

या जूनमध्ये छबीची फाइल परत उघडली. आई-बाप परत आलेले, बाप खत टाकायला शेतात, आई भाकऱ्या थापत होती. या वेळी मी सरळ छबीसमोर बसले. "पुढच्या वर्षी काय पाहिजे तुला?"

मला वाटलं, ती चालणं म्हणेल, किंवा शाळा. रोज शाळेत नेणारं कुणी नाही, हे मला टोचत असतंच.

ती म्हणाली, "आयला फोन."

आज्जीकडं बटणांचा फोन आहे. आज्जीला नंबर लावता येत नाही. आईचा फोन आला तर उचलता येतो फक्त. आई दिवसभर फडात, संध्याकाळी फोन करते तेव्हा कधी छबी झोपलेली असते. सहा महिने आईनं लावला तर बोलणं. छबीला स्वतः लावायचा होता.

तिची बोटं थरथरतात. दहा आकडे एकामागून एक दाबताना दोन-तीन चुकतात. मी फोन घेतला, दोन नंबरच्या बटणावर आईचा नंबर बसवला; बटण दाबून धरलं की लागतो. फायलीत लिहायला बसले. आधी लिहिलं, "रोज आईशी फोनवर बोलेल." आणि खोडलं. आई फोन उचलेल की नाही, कर्नाटकातल्या त्या फडात रेंज असेल की नाही, हे छबीच्या हातात नाही. मग लिहिलं, "आई तोडीला गेलेली असताना, छबी स्वतः आज्जीचा फोन घेऊन दोनचं बटण दाबून धरेल, कानाला लावेल, आणि आईनं उचलला तर बोलेल."

"आत्ताच लाव," मी म्हटलं. आईचा फोन आत चार्जिंगला होता, पण लाइट सकाळपासून गेलेली. छबीनं दोन्ही हातांनी फोन मांडीवर धरला, अंगठ्यानं दोन दाबलं, सुटलं, पुन्हा दाबलं, धरून ठेवलं. ओठ घट्ट मिटलेले. मग फोन कानाकडं नेताना तो एकदा गालावर आपटला. तिकडून ती ओळखीची बाई बोलायला लागली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या. छबीनं तिचं मराठी ऐकलं, मग हिंदी ऐकलं, मग इंग्रजीही शेवटपर्यंत ऐकलं.

चुलीजवळून आई म्हणाली, "लागला का गं?"

"आयचा बंद हाय," छबी म्हणाली, आणि पुन्हा दोनवर अंगठा ठेवला. "मी लावला पन."